तंत्रस्नेही शिक्षकांना खुले पत्र: शीट नको, तुकडा द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व तंत्रस्नेही शिक्षक बंधू-भगिनींस

सप्रेम नमस्कार.

निकालपत्रक, पोषण आहाराचा हिशेब, शाळा सोडल्याचा दाखला, वर्णनात्मक नोंदी. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम गटांवर रोज कुठली ना कुठली गूगल शीट येऊन पडते. वर ‘मेक अ कॉपी’ची लिंक, खाली ठळक अक्षरांत ‘निर्मिती’ आणि सरांचे नाव, शिवाय एक तंबी: ‘कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.’ पटापट अंगठे येतात, दोन-चार ‘खूप छान सर’ येतात आणि केंद्रातल्या सगळ्या शाळा त्या शीटवर कामाला लागतात.

या शीटच्या पोटात अ‍ॅप्स स्क्रिप्टचा, म्हणजे शीटकडून आपोआप कामे करून घेणाऱ्या गूगलच्या सोयीचा, कोड असतो. माझे म्हणणे त्या कोडाबद्दल आहे. शीट आपण सढळ हाताने वाटतो, कोड मात्र कुणी वाचावा अशी आपली अपेक्षाच नसते. वाटणाऱ्याची नसते आणि घेणाऱ्याचीही नसते. मला हे उलटे व्हायला हवे आहे. आख्खी शीट द्या अथवा देऊ नका, पण तिच्यातला कामाचा तुकडा, दहा-वीस ओळींचा, वाचता येईल असा, उघड्यावर ठेवा. आणि तो काय करतो, कुठून आला, कधीचा आहे हे त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

अ‍ॅप्स स्क्रिप्ट २००९पासून आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची तिच्याशी गाठ पडली ती २०२०च्या टाळेबंदीत, ‘प्रश्नमंजुषा सोडवा, प्रमाणपत्र मिळवा’च्या लाटेत. काही बसवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत, कोड गूगलच्या सर्व्हरवर चालतो, शाळेतला जुना संगणकही पुरतो. एकेकाळी गूगल शीटमध्येच छोट्या स्क्रिप्टची गॅलरी होती. तिथून तुकडा उचलून आपल्या शीटमध्ये टाकता येई. २०१४ साली अ‍ॅड-ऑन (शीटला बाहेरून जोडायची तयार साधने) आले आणि नव्या शीटमध्ये ती गॅलरी राहिली नाही. अ‍ॅड-ऑनचा बाजार तयार मालासाठी आहे. तपासणी, अटी, धोरणपत्रे हे सगळे तिथे लागते. श्रेणी काढणाऱ्या बारा ओळींसाठी तो खटाटोप कोण करणार? तेव्हा छोट्या तुकड्यांची देवघेव आपली आपणच लावायला हवी.

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. कॉपी केलेल्या शीटमधला मेनू पहिल्यांदा दाबला की गूगल परवानगी मागते आणि इशारा देते की हे अ‍ॅप तपासलेले नाही. मग गटात कुणीतरी स्क्रीनशॉट टाकते: ‘अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, खाली अनसेफ लिहिलेले दाबा, घाबरू नका.’ आपण मुलांना ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे शिकवतो आणि स्वतः न वाचता ‘अनसेफ’ दाबतो. त्यानंतरच्या पडद्यावर नीट लिहिलेले असते की ही स्क्रिप्ट तुमच्या सगळ्या स्प्रेडशीट बघू, बदलू आणि पुसू शकेल, तुमच्या नावाने मेल पाठवू शकेल. गुणांची बेरीज करणाऱ्या शीटला मेलची परवानगी कशाला हवी, हा प्रश्न तिथल्या तिथे पडायला हवा.

आमच्या भागात फिरलेल्या प्रमाणपत्राच्या एका शीटमध्ये मेल पाठवणाऱ्या ओळीत ‘बीसीसी’ (इतरांना न दिसता प्रत पाठवण्याची सोय) होता आणि त्यात मूळ लेखकाचा पत्ता. ती शीट जितक्या शाळांनी वापरली तितक्या शाळांच्या मुलांची नावे, इयत्ता आणि पालकांचे मेल पत्ते एका माणसाच्या इनबॉक्समध्ये जमा होत राहिले. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. चाचणीसाठी स्वतःचा पत्ता टाकला असेल आणि काढायचा राहिला असेल. पण दहा ओळींचा तो तुकडा एकाने जरी वाचला असता, तरी पहिल्या दिवशीच लक्षात आले असते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. आपल्या पटावरचे एकूण एक मूल त्यात बसते.

देणाऱ्याचाही एक गैरसमज दूर करते. ‘फक्त बघण्याची परवानगी’ दिली की कोड सुरक्षित, असे बरेच जण धरून चालतात. शीटला जोडलेली स्क्रिप्ट बघणाऱ्याला एडिटरमध्ये उघडता येत नाही, हे खरे. पण त्याने शीटची प्रत केली की तो त्या प्रतीचा मालक होतो आणि स्क्रिप्टची प्रतही त्याच्याकडे जाते, अक्षरन् अक्षर. म्हणजे तुम्ही लपवलेला कोड लपलेला नसतोच, फक्त कुणी बघत नाही. यात टेलिग्राम बॉटचा, म्हणजे आपोआप संदेश पाठवणाऱ्या खात्याचा, टोकन (त्याची गुप्त किल्ली) कोडातच लिहून ठेवणाऱ्यांनी दचकायला हवे. तो टोकन ज्याच्या हाती, तो तुमच्या शाळेच्या बॉटच्या नावाने काहीही पाठवू शकतो. आज संध्याकाळी बॉटफादरकडे (बॉट सांभाळणाऱ्या टेलिग्रामच्याच बॉटकडे) जाऊन जुना टोकन रद्द करा. नवा प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये ठेवा, कोडात फक्त त्याचे नाव येऊ द्या.

परवानगीवर सोपा उतारा आहे. फाइलच्या सुरुवातीला टिप्पणीत ‘@ओन्लीकरंटडॉक’ एवढे इंग्रजीत लिहिले की स्क्रिप्ट सगळ्या शीटऐवजी चालू शीटपुरतीच परवानगी मागते. दुसरी फाइल उघडणारा कोड असेल तर हे चालणार नाही. पण आपले बहुतेक कोड आपल्याच पत्रकात घोटाळतात. एका ओळीचे काम आहे आणि मला फिरणाऱ्या शीटमध्ये ती ओळ क्वचितच दिसते.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला घेतले, तिकडे येते. इंटरनेटवरून उचललेले तुकडे आपल्याकडे आले की कुठे ठेच खातात, ते गटांत कुणी सांगत नाही. प्रत्येक जण आपापल्या शाळेत ती खोट शोधतो, गुपचूप दुरुस्त करतो, आणि दुरुस्ती त्याच्या शीटमध्येच राहते.

तारखेचेच घ्या. तारखेला मजकुराचे रूप देणारा एक तुकडा सर्वत्र आढळतो. त्यात वेळक्षेत्राच्या जागी ‘जीएमटी’ लिहिलेले असते. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून असेल तर शीटच्या लेखी ती भारतीय वेळेनुसार १ जूनची मध्यरात्र. भारतीय वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून जीएमटीत तो क्षण ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. दाखल्यावर छापून येते ३१ मे. आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनला लावून दिला, आता स्क्रिप्टने तो ३१ मेला नेला तर गंमत म्हणून सोडूनही देता येईल. पण पहिलीच्या प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरला धरतात आणि १ जानेवारीला जन्मलेले मूल अशा यादीत ३१ डिसेंबरचे होऊन बसते. दाखल्यावरची जन्मतारीख बदलून घ्यायला पालकाला पुढे किती हेलपाटे घालावे लागतात, ते आपल्याला माहीत आहे. दुरुस्ती काय? ‘जीएमटी’ खोडून ‘एशिया/कोलकाता’. दोन शब्द. त्यातही शीटचे वेळक्षेत्र वेगळे आणि स्क्रिप्ट प्रोजेक्टचे वेगळे असू शकते. परदेशी शीटची प्रत करून सुरुवात केली असेल तर दोन्ही सेटिंग्ज उघडून बघा.

दुसरे शैक्षणिक वर्षाचे. २०२०पूर्वी अ‍ॅप्स स्क्रिप्ट ऱ्हायनो नावाच्या जुन्या इंजिनवर चाले. तिथे ‘गेटइयर’ हे फंक्शन चालू शतकातल्या तारखेचे चारअंकी वर्ष देई. २०२० साली व्ही-एट हे नवे इंजिन आले, आणि त्यात तेच फंक्शन वर्षातून १९०० वजा करून देते. त्यामुळे जुना तुकडा नव्या प्रोजेक्टमध्ये चिकटवला की २०२५ सालच्या प्रगतिपुस्तकावर ‘शैक्षणिक वर्ष १२५-१२६’ अशी पुराणकालीन नोंद उमटते. इलाज ‘गेटफुलइयर’. तुकडा चूक नव्हता, जुना होता. त्याच्या डोक्यावर वर्ष लिहिलेले असते तर घेणाऱ्याने दोनदा विचार केला असता.

आणि आपल्या लिपीचे काय? परदेशातल्या कुठल्याही तुकड्याला देवनागरी अंक माहीत नसतात. कुणी मॅडमनी मराठी कळफलकावरून ४५ टाइप केले आणि ते मजकूर म्हणून कोडात पोहोचले, तर जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानत नाही. ‘हा आकडा नव्हे’ असे उत्तर येते आणि बेरीज कोसळते. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये शून्य ते नऊ हे देवनागरी अंक ओळीने बसलेले आहेत, शून्याचा क्रमांक २४०६. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हातात. तीन ओळींचे फंक्शन. मला खात्री आहे, हे फंक्शन महाराष्ट्रात शेकडो जणांनी आपापले लिहिले असेल आणि शेकडो शीटच्या पोटात ते झाकून पडले असेल.

नावांची गोष्ट याहून किचकट आहे. ‘गोऱ्हे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे. संगणकाच्या लेखी तीन वेगळी आडनावे. पहिल्या सत्राची यादी एकाने टाइप केली, दुसऱ्या सत्राची दुसऱ्याने, आणि यादीत नाव शोधणारे व्हीलुकअप हे सूत्र म्हणते की हे मूल सापडत नाही. पहिले दोन प्रकार ‘नॉर्मलाइझ’ या फंक्शनने एक होतात. तिसरा होत नाही. इथे खरी खोच आहे: ‘मजकुरातली अदृश्य चिन्हे पुसा’ असा तयार तुकडा सगळीकडे मिळतो, तो लावला की जोडचिन्ह जाते आणि ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’ होते. चिन्ह पुसायचे नाही, ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ बसवायचे. हे इंग्रजीत लिहिणाऱ्या कुणाच्याही ध्यानात येणार नाही. हा तुकडा आपणच लिहायचा, आपणच वाटायचा.

श्रेणीचा तुकडाही बघून घ्या. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, अशा अटी सरळ नियमावलीवरून उतरवलेल्या असतात. गुण पूर्णांकात असतील तोवर ठीक. सरासरी ९०.५ आली की ती कुठल्याच अटीत बसत नाही आणि रकाना कोरा. वरून खाली येत फक्त खालची मर्यादा तपासावी: ९१ किंवा जास्त, नाहीतर ८१ किंवा जास्त, असे. मग ९०.५ला अ-२ मिळते. ते ९१ धरायचे असेल तर आधी पूर्णांक करण्याची ओळ घाला, पण ती ओळ दिसू द्या. तो निर्णय शाळेचा आहे, कोडाने परस्पर घेऊ नये.

वेगाचे थोडक्यात. एकेका रकान्यात मूल्य टाकत फिरणारा कोड एका वर्गाला चालतो, तालुक्याच्या यादीवर सहा मिनिटांची मर्यादा ओलांडून मध्येच थांबतो. सगळे एका झटक्यात लिहा. आणि साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवू शकते. प्रमाणपत्राच्या तुकड्यात उरलेला कोटा तपासण्याची ओळ हवीच, नाहीतर एकशे एकावे मूल वाट बघत बसते आणि आपल्याला पत्ता नसतो.

काही जण म्हणतील, मग लायब्ररी करा. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये ती सोय आहे: एका प्रोजेक्टचा आयडी टाकला की त्यातली फंक्शने सगळ्यांना वापरता येतात, दुरुस्ती एकदाच. ऐकायला छान आहे. मला पटत नाही, निदान आपल्या कामासाठी नाही. लायब्ररीमुळे स्क्रिप्ट सुरू व्हायला वेळ लागतो, हा भाग लहान. मोठा भाग असा की ती एका माणसाच्या खात्यात राहते. त्याने शेअरिंग काढले, फाइल पुसली, की सगळ्यांचे बंद. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा जावास्क्रिप्टचा तुकडा त्याच्या लेखकाने भांडणातून एनपीएम या कोडाच्या सार्वजनिक भांडारावरून काढून घेतला आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. आपल्याकडे तर भांडणाचीही गरज नाही. सर निवृत्त होतात, खाते उघडायचे राहते, आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल आता पुसू शकते. शिवाय लायब्ररी विकासाच्या आवृत्तीवर जोडली असेल, तर लेखकाने रात्री केलेला बदल सकाळी आपल्या निकालात उतरतो, न विचारता. दहा ओळी चिकटवून घ्याव्यात. आपल्या डोळ्यासमोर राहतात.

चिकटवलेल्या तुकड्याला मात्र डोके हवे. मला अभिप्रेत आहे ते असे:

// काम: देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करतो, बाकी मजकूर तसाच
// मूळ: स्वतः लिहिला, व्ही-एटवर तपासला (इथे महिना व वर्ष)
// परवानगी: कुठलीच लागत नाही
// ठाऊक असलेली खोट: दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम असेल तर चुकतो
// परवाना: एमआयटी (इथे नाव)

दुसऱ्याचा तुकडा असेल तर ‘मूळ’मध्ये त्याचे नाव आणि जागा. स्वतः काय बदलले तेही. यातली चौथी ओळ मला सर्वांत मोलाची वाटते आणि तीच लिहायला माणसे कचरतात.

श्रेयाबद्दल बोलायलाच हवे, कारण तेच खरे दुखणे आहे. ‘मी रात्र-रात्र बसून केले आणि दुसऱ्याने माझे नाव काढून स्वतःचे टाकले’, ही तक्रार प्रत्येक गटात आहे आणि ती रास्त आहे. म्हणूनच लोक कुलूप लावतात. पण वर सांगितले तसे ते कुलूप प्रत करणाऱ्याला लागतच नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे: १९५७च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच. अडचण अशी की परवाना लिहिला नाही तर प्रामाणिक माणसाला तो कायदेशीरपणे वापरता येत नाही आणि अप्रामाणिक माणूस तसाही थांबत नाही. एमआयटी परवान्यात घ्या, बदला, विका, सगळे चालते. अट एकच, नावाची आणि परवान्याची ओळ काढायची नाही. आणि तुकडा उघड्यावर, तारखेसह ठेवलेला असेल तर आधी कुणी लिहिला हे कुणालाही दाखवता येते. बंद शीटमध्ये ते कसे दाखवणार?

इतरांकडून घेतानाही हेच लागू. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा कोड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो. त्यात श्रेय द्यावे लागते आणि बदललेले रूप वाटायचे तर त्याच परवान्याने. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शकातले नमुने अपाची परवान्याखाली आहेत. ‘निर्मिती’च्या खाली आपले नाव टाकताना आतला कोड कुठून आला आहे, ते आठवून बघा. विकणाऱ्यांशी माझे भांडण नाही. आख्खी शीट बांधून देण्यात कष्ट आहेत, मांडणी आहे, फोनवर तासन् तास समजावणे आहे. त्याचे पैसे घ्यावेत. अंक बदलायच्या तीन ओळींवर मात्र कुलूप नको.

एवढे करा. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडून अर्धा तास मागून घ्या. नवी शीट दाखवायला नको, आधीच वापरात असलेल्या शीटमधला एकच तुकडा पडद्यावर उघडा आणि सगळ्यांनी मिळून वाचा. ज्यांना कोड येत नाही त्यांनाही बसवा. ‘हा मेल कुणाला जातोय?’ हे विचारायला कोड यावा लागत नाही. चाचणीची प्रत काढा, खोटी नावे भरा, मुलांचा खरा तक्ता असलेली शीट नमुना म्हणून कुठेही पाठवू नका. तुकडे ठेवायला गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ उत्तम. ते जड वाटत असेल तर सर्वांना बघता येणारे एक साधे गूगल डॉकही चालेल, फक्त तुकडा मजकुराच्या रूपात हवा. स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटवरून टाइप करताना उद्गारवाचक चिन्ह राहून गेले तर अट उलटी होते.

माझ्याकडून सुरुवात म्हणून अंकांचा, तारखेचा, श्रेणीचा आणि ऱचा असे चार तुकडे वरच्या पद्धतीने लिहून आमच्या केंद्राच्या डॉकमध्ये ठेवले आहेत. ऱच्या तुकड्यात ‘ठाऊक असलेली खोट’ मोठी आहे: ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाटे’ एवढीच आडनावे मला तपासायला मिळाली. तुमच्या पटावर ऱ असलेली आणखी कुठली आडनावे, गावांची नावे असतील, तर मुलांची नावे न देता फक्त ती आडनावे पाठवा, आणि टाइप करू नका, तुमच्या शीटमधून जशीच्या तशी कॉपी करून पाठवा.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक सहकारी शिक्षिका